लाल डोळ्याचे दप्तर

डोळा तांबडा झाला, त्यातून पाणी वाहू लागले, सकाळी उठताना पापण्या चिपडांनी चिकटलेल्या आढळल्या, की आपल्याकडे घरातील वडीलधाऱ्या माणसांपासून नाक्यावरच्या औषधविक्रेत्यापर्यंत सर्वांचा निवाडा तत्काळ आणि एकमताने होतो : डोळे आले आहेत. निवाड्यापाठोपाठ इलाजही ठरलेला असतो; मागे कधीतरी घरात कोणाचे डोळे आले असता आणलेली औषधाची बाटली कपाटात शिल्लक असते, तिचे दोन थेंब दोन्ही डोळ्यांत पडतात, आणि प्रकरण रीतसर दाखल होण्यापूर्वीच निकालात निघते. पुष्कळदा हा कारभार निभावूनही जातो, कारण बहुसंख्य प्रसंगी विकार आपण होऊन बरा होणाराच असतो. परंतु लाली हे डोळ्याचे जवळजवळ एकमेव गाऱ्हाणे आहे. पापणीच्या कडेची पुळी, पांढऱ्या भागावरील पातळ अस्तरास, म्हणजे नेत्रश्लेष्म्यास, झालेला विषाणूंचा संसर्ग, बुबुळावरील स्वच्छमंडलास पडलेला व्रण आणि आतील रंगीत पडद्याचा दाह अशा, कारण, मार्ग व परिणाम या तिन्ही दृष्टींनी सर्वस्वी भिन्न असलेल्या विकारांची तक्रार तो एकाच नमुन्याच्या अर्जावर करतो. हे सारे दप्तर एकत्र ठेवून पाहिले असता एक विपर्यास ठळकपणे नजरेस येतो. ज्या विकाराने शाळा बंद पडतात आणि गावे हवालदिल होतात, तो बहुधा पंधरवड्यात मागमूस न ठेवता निघून जातो. आणि ज्याने माणूस जन्माचा आंधळा होतो, तो मात्र एकट्यादुकट्याच्या एकाच डोळ्यात, कोणाचेही लक्ष न वेधता, आपले काम उरकत असतो.

डोळा इतका उघडा अवयव असूनही तो नित्य सडत कसा नाही, याचे उत्तर अश्रूंत आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या शोधापूर्वी सहासात वर्षे, १९२१-२२ च्या सुमारास, अश्रूंमध्ये जंतूंचे कवच विरघळविणारे लायसोझाइम हे द्रव्य शोधून काढले, आणि त्याच्या अभ्यासासाठी पुरेसे अश्रू मिळावेत म्हणून ते स्वतःच्या, सहकाऱ्यांच्या आणि प्रयोगशाळेतील नोकरांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस पिळीत असत. या द्रव्याचा पहारा, पापण्यांची उघडझाप आणि स्वच्छमंडलावरील अखंड पृष्ठस्तर अशी ही तिहेरी नाकेबंदी जोवर शाबूत आहे तोवर बहुतेक जंतूंना आत शिरकाव नसतो. पुढे जे सांगावयाचे आहे त्याचा पुष्कळसा भाग ही नाकेबंदी कोठे आणि कशी मोडते याच्याशीच संबद्ध आहे.

बाहेरच्या सरहद्दीवरचे विकार त्रासदायक परंतु किरकोळ होत. रांजणवाडी म्हणजे पापणीच्या केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीत स्टॅफिलोकॉकस जातीच्या जंतूंनी केलेले लहानसे गळू. तिच्यावर लवंग उगाळून लावण्याची किंवा तळहातावर घासून ऊन केलेले बोट टेकविण्याची घरगुती रीत सर्वांच्या परिचयाची आहे. यांपैकी बोटाच्या शेकामागे तथ्य आहे, कारण ऊन पाण्याच्या घडीने दिवसातून चारपाच वेळा शेकणे हाच वैद्यकाचाही पहिला सल्ला असतो. लवंगेविषयी मात्र इतकेच म्हणावे की ती डोळ्यात उतरली तर मूळ दुखणे बरे वाटू लागते. पापणीच्या आत वेदनारहित गाठ राहते ती निराळी. तेथे तेलग्रंथीचे तोंड बुजून आतला स्निग्ध स्राव साठलेला असतो, जंतूंचा संबंध नसतो. पापण्यांच्या कडांना कोंडा धरून त्या वर्षानुवर्षे लाल राहणे हाही असाच चिवट प्रकार असून तो औषधापेक्षा नित्याच्या स्वच्छतेनेच आटोक्यात राहतो.

नेत्रश्लेष्म्याच्या दाहाकडे वळल्यावर मात्र थोडे थांबले पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांची संख्या ७६ सांगितली असून, अभिष्यंद, म्हणजे डोळे येणे, हे बहुतेक सर्व नेत्ररोगांचे मूळ होय असे तेथे प्रतिपादन आहे. आणि त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, निदानस्थानात कुष्ठ, ज्वर व शोष यांच्या पंक्तीला नेत्राभिष्यंद बसवून, अंगस्पर्शाने, सहभोजनाने, एका शय्येवर निजल्याने आणि दुसऱ्याची वस्त्रे व माळा वापरल्याने हे रोग माणसाकडून माणसाकडे संक्रांत होतात असे सांगितले आहे. जंतूंची कल्पना नसताना केलेले हे निरीक्षण आज आपल्या समाजात रूढ असलेल्या समजुतीपेक्षा अधिक शास्त्रशुद्ध आहे, कारण आजही डोळे आलेल्या माणसाकडे नुसते पाहिल्याने डोळे येतात असे मानणारे सुशिक्षित लोक पुष्कळ आढळतात, आणि काळा चष्मा हा इतरांच्या संरक्षणाचा बंदोबस्त आहे असे समजून तो लावून रोगी बिनदिक्कत हस्तांदोलन करीत हिंडतो. चष्म्याने प्रकाशाचा त्रास कमी होतो इतकेच; रोग पसरतो तो बोटांनी, टॉवेलांनी, उशांनी आणि दाराच्या कड्यांनी.

साथीचा मुख्य कर्ता अडेनोव्हायरस होय. कोरड्या पृष्ठभागावर तो कित्येक आठवडे तग धरून राहतो, आणि याची प्रचीती अमेरिकेतील जहाजबांधणीच्या कारखान्यांत १९४१-४२ साली मोठ्या विलक्षण रीतीने आली. लोखंडाचा कण डोळ्यात गेला म्हणून कामगार कारखान्याच्या दवाखान्यात जात, तेथे उपचारकाचे हात आणि उपकरणे एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर फिरत, आणि एका कणाची तक्रार घेऊन गेलेला माणूस साथीचा रोग घेऊन परत येई. दवाखाना हेच साथीचे केंद्र बनले होते. नेत्रचिकित्सकाने दोन रोग्यांच्या मध्ये हात धुण्याचा जो दंडक आहे तो अशा अनुभवांतून आला. या विषाणूवर आजही खास औषध नाही. थंड घड्या, विश्रांती आणि वेगळा टॉवेल एवढ्यावरच भिस्त असते. काही रोग्यांत मात्र लाली गेल्यावर स्वच्छमंडलात बारीक ठिपके राहून दृष्टी काही महिने अंधुक राहते, तेव्हा हा विकार सर्वस्वी निरुपद्रवी म्हणणेही अचूक नव्हे.

दुसरा प्रकार रक्तस्रावी. १९६९ साली घाना देशात त्याची पहिली मोठी साथ उद्भवली ती नेमकी माणूस चंद्रावर उतरला त्या सुमारास, म्हणून तेथील लोकांनी तिला अपोलोचेच नाव दिले. दोन वर्षांत ती आशियात पोहोचली; १९७१ साली मुंबईत तिने कहर केला, आणि बंगालमध्ये पूर्व पाकिस्तानातील निर्वासितांच्या लोंढ्याबरोबर ती आल्यामुळे तिला जय बांगला हे नाव पडले. दोन दिवसांत डोळ्याचा पांढरा भाग रक्ताने माखल्यासारखा दिसतो, रोगी व त्याचे आप्त घाबरून जातात, आणि आठवड्याच्या आत सारे ओसरते. दिसण्यातील भीषणता आणि असण्यातील गांभीर्य यांचा मेळ डोळ्याच्या बाबतीत किती थोडा असतो त्याचा हा उत्तम दाखला होय. २०२३ च्या जुलै महिन्यात आळंदीच्या शाळकरी मुलांपासून सुरू झालेली आणि पाहता पाहता राज्यभर पसरलेली साथ वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या दिवसांत औषधांच्या दुकानांतून प्रतिजैविकांच्या थेंबांचा जो प्रचंड खप झाला, त्यातला मोठा हिस्सा विषाणूंवर खर्ची पडला, म्हणजे व्यर्थ गेला.

जंतुजन्य प्रकारात पू घट्ट व पिवळा असतो आणि तेथे प्रतिजैविकाचे थेंब उपयोगी पडतात. त्यांतील एक प्रकार मात्र भयंकर असे. प्रसूतीच्या वेळी मातेच्या पूयप्रमेहाचे (गोनोरियाचे) जंतू अर्भकाच्या डोळ्यांत जाऊन दोनचार दिवसांत स्वच्छमंडल विरघळून जाई, आणि युरोपातील अंधशाळा अशा बालकांनी भरलेल्या असत. लाइपझिगच्या प्रसूतिगृहाचे प्रमुख कार्ल क्रेडे यांनी १८८० पासून प्रत्येक नवजात बालकाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या शेकडा २ द्रावणाचा एकेक थेंब टाकण्याची तजवीज केली, आणि जो रोग पूर्वी तेथील शेकडा दहाच्या आसपास बालकांना होत असे तो शेकडा एकाच्याही खाली आला. थेंबभर औषधाने इतके डोळे वाचल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात थोडीच असतील. याच रोगाशी निगडित असलेली दुसरी गोष्ट तितकीशी प्रसिद्ध नाही. पेनिसिलिनने रोगी बरा झाल्याचा पहिला नोंदलेला दाखला १९३० सालचा असून तो इंग्लंडातील शेफील्ड येथील आहे. सेसिल पेन नावाच्या डॉक्टरांनी बुरशीचा गाळलेला कच्चा रस वापरून अर्भकांच्या डोळ्यांचा हा संसर्ग बरा केला, आणि त्यावर काहीही प्रसिद्ध न करता ते दुसऱ्या विषयाकडे वळले.

खुपऱ्या हा नेत्रश्लेष्म्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत दीर्घद्वेषी शत्रू. इजिप्तमधील प्राचीन एबर्स पपायरसात त्याचे उपचार सापडतात. नेपोलियनच्या तेथील स्वारीवरून परतलेल्या सैनिकांनी तो युरोपात नेला, आणि लंडनचे मूरफील्ड्स नेत्ररुग्णालय १८०५ साली निघाले त्यामागे या सैनिकी डोळेदुखीचा मोठा वाटा होता. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या प्रत्येक देशांतरिताची वरची पापणी बुटांची बटणे लावण्याच्या आकड्याने उलटी करून पाहण्यात येई, आणि आत खुपऱ्यांचे दाणे दिसले की आल्या जहाजाने परत पाठविण्याचा हुकूम सुटे. हा रोग एका संसर्गाने डोळा घेत नाही. बालपणी वारंवार संसर्ग होतो, प्रत्येक वेळी पापणीच्या आतल्या अस्तरावर थोडा वण उरतो, तो वण आकसत जाऊन प्रौढ वयात पापणी आत वळते, आणि मग पापणीचे केस दर उघडझापीला स्वच्छमंडलावर घासत राहतात. पाचव्या वर्षी लागलेल्या रोगाचा हिशेब पन्नासाव्या वर्षी चुकता होतो. लहान मुलांना सांभाळण्याचे काम स्त्रियांकडे असल्यामुळे त्यांना पुनःपुन्हा संसर्ग होई आणि अंधत्वही पुरुषांपेक्षा त्यांनाच अधिक येई.

खुपऱ्यांच्या जंतूचा शोध ही स्वतंत्र कहाणी आहे. १९०७ साली जावा बेटावर हाल्बरस्टेटर आणि फॉन प्रोवाझेक यांनी रोगग्रस्त पेशींत त्याचे कण पाहिले, परंतु तो प्रयोगशाळेत वाढविता येईना. बीजिंगमधील तांग फेइफान यांनी कोंबडीच्या अंड्याच्या बलकात तो वाढवून १९५७ साली शोध प्रसिद्ध केला, आणि शंका राहू नये म्हणून पुढे स्वतःच्याच डोळ्यात तो जंतू टाकून घेऊन रोग अंगावर ओढवून घेतला. १९५८ सालच्या सप्टेंबरात राजकीय छळाला कंटाळून त्यांनी आत्महत्या केली. भारतात खुपऱ्यांचा अंमल पंजाब, राजस्थान, उत्तर प्रदेश या उष्ण, कोरड्या आणि पाण्याच्या दुर्भिक्ष्याच्या मुलखात विशेष होता. १९६३ साली त्यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९७६ साली तो अंधत्वनियंत्रणाच्या व्यापक कार्यक्रमात विलीन झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न या नात्याने भारतातून हटल्याचे मान्य केले. या विजयाचे श्रेय कोणाचे, हा वाद मनोरंजक आहे. अझिथ्रोमायसिनची एकच मात्रा जंतू मारते हे खरे. तथापि युरोपातून हा रोग प्रतिजैविके निघण्यापूर्वीच ओसरू लागला होता, आणि मुलांची तोंडे धुण्यास पुरेल इतके पाणी घरात येणे हाच त्यावरचा खरा उपाय होय, या पक्षाकडे माझा कल आहे.

अधिहर्षताजन्य (ॲलर्जीने होणाऱ्या) दाहाविषयी दोन शब्द पुरेत. उन्हाळ्यात शाळकरी मुलगे डोळे चोळचोळून बेजार होतात, डोळ्यांतून दोऱ्यासारखा चिकट स्राव निघतो. हा संसर्ग नव्हे, त्याने दुसऱ्याला काही होत नाही, आणि खाज हे त्याचे ओळखीचे चिन्ह आहे.

येथवरचे विकार बहुतेक सह्य होत. स्वच्छमंडलापाशी आल्यावर मामला पालटतो. या काचेसारख्या पटलात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू मात्र अतिशय दाट आहेत. म्हणून तेथे व्रण पडला की असह्य वेदना होते, उजेड सोसवत नाही, दिसणे अंधुक होते, आणि बुबुळावर पांढुरका ठिपका दिसू लागतो. आपल्या देशात या व्रणाचा उगम शेतात आहे. ऊस तोडताना पात्याची धार डोळ्याला लागते, भात झोडपताना कुसळ उडते, मळणीचा भुसा वाऱ्याबरोबर येतो. पृष्ठस्तरावर एक ओरखडा उमटतो, आणि वनस्पतीच्या त्या कणाबरोबरच फ्युझेरियम किंवा अस्परजिलस जातीची बुरशी आत शिरते. मग तो कण पदराच्या टोकाने, क्वचित दुसऱ्याच्या जिभेच्या शेंड्याने, काढण्याचा प्रयत्न होतो. मध, कांद्याचा रस, एरंडेल, आईचे दूध यांपैकी काहीतरी डोळ्यात जाते. आणि आठवड्याने रोगी तालुक्याला येतो तेव्हा व्रण मध्यभागी पसरलेला असतो. बुरशीचा व्रण सावकाश चालतो, म्हणून तो फसवतो.

निदानाची रीत साधी आहे. फ्लुओरेसिनची नारिंगी कागदी पट्टी ओली करून खालच्या पापणीच्या आत टेकवितात, खोली अंधारी करून निळा उजेड डोळ्यावर सोडतात, आणि जेथे पृष्ठस्तर नष्ट झालेला असेल तेवढीच जागा हिरवी उजळून निघते. मग बधिर करणारा थेंब टाकून व्रणाची कड पात्याने अलगद खरवडतात, तो अंश काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवतात, आणि काही मिनिटांतच सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फाटे फुटलेले धागे दिसू शकतात. जंतू आणि बुरशी यांची औषधे अगदी निराळी असल्यामुळे, या एवढ्याशा तपासणीवर एका डोळ्याचे भवितव्य अवलंबून असते. बुरशीवर नाटामायसिन हे जुने औषध अजून श्रेष्ठ आहे. अधिक नवे व अधिक महाग व्होरिकोनॅझोल त्याहून सरस ठरेल या अपेक्षेने दक्षिण भारतात घेतलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने ती अपेक्षा खोटी ठरविली.

परंतु व्रण झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ओरखड्याच्या पायरीवरच तो अडविणे शक्य आहे, हे नेपाळातील भक्तपूरने दाखविले. तेथे गावोगावच्या आरोग्यसेविकांनी डोळ्याला ओरखडा गेलेल्या ४४२ लोकांना क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस घातले, आणि इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत ज्यांना ते मिळाले त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेला हा वृत्तान्त आमच्या ऊसतोडीच्या आणि भातशेतीच्या जिल्ह्यांतील आरोग्यखात्याच्या प्रत्येक दप्तरी असावयास हवा. व्रण भरला तरी जो पांढरा वण राहतो, ज्याला लोक डोळ्यात फूल पडले म्हणतात, तो नाहीसा करण्यास मृताच्या नेत्राचे रोपण यावाचून सहसा मार्ग नसतो.

शहरात याच व्रणाचे दुसरे रूप दिसते. स्पर्शभिंगे नळाच्या पाण्याने धुणारी, ती घालून पोहणारी किंवा झोपणारी तरुण मंडळी स्यूडोमोनस जंतूंना आणि पाण्यातील अकँथअमीबा या एकपेशीय जीवाला आपण होऊन आमंत्रण देतात. पहिला एका दिवसात स्वच्छमंडल वितळवू शकतो. दुसऱ्यावरचा उपचार कित्येक महिने चालतो.

नागिणीच्या कुळातील हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूचा व्रण तर निळ्या उजेडात झाडाच्या फांदीसारखा फाटे फुटलेला दिसतो, आणि तो विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत दडून राहून ताप, ऊन किंवा थकवा यांचे निमित्त साधून पुनःपुन्हा उलटतो. १९६२ साली हर्बर्ट कॉफमन यांनी या व्रणावर आयडॉक्सयुरिडीन वापरून गुण आणला. विषाणूवर औषधाने मात केल्याच्या आरंभीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. पुढे असायक्लोव्हिरने त्याची जागा घेतली.

आणखी आत गेले की संसर्ग मागे पडतो आणि शरीराचा स्वतःवरचाच रोष पुढे येतो. परितारिकेच्या, म्हणजे आतील रंगीत पडद्याच्या, दाहात चिपडे नसतात, चिकटणे नसते. बुबुळाभोवती जांभळट लालीचे कडे, खोल ठणका, उजेडाचा तिटकारा आणि आकसलेली, कधी वेडीवाकडी झालेली बाहुली एवढीच लक्षणे. ज्या तरुणाला सकाळी उठताना पाठ व कंबर ताठरलेली जाणवते, त्याच्या लाल डोळ्याचे आणि त्या कंबरेचे मूळ एकच असू शकते, हे १९७३ साली एचएलए-बी२७ या आनुवंशिक खुणेचा संबंध उघडकीस आल्यापासून पक्के झाले आहे. आपल्याकडे क्षयाचाही विचार करावा लागतो. एका डोळ्याला भेदक इजा झाल्यावर दुसरा निरोगी डोळाही दाहाने जाण्याचा प्रकार क्वचित घडतो, आणि लुई ब्रेल यांच्याबाबतीत तेच घडले असावे असा पुष्कळ तज्ज्ञांचा तर्क आहे. वडिलांच्या कारखान्यातील आरीने तिसऱ्या वर्षी त्यांचा एक डोळा फुटला आणि पाचव्या वर्षापर्यंत दुसराही गेला.

नेत्रगोलाच्या आतला जंतुसंसर्ग आज बहुधा शस्त्रक्रियेनंतरचा असतो. मोतीबिंदू काढल्यावर पहिल्या आठवड्यात दृष्टी सुधारण्याऐवजी घटू लागली आणि डोळा दुखू लागला, तर दिवस उजाडण्याचीही वाट पाहू नये. शस्त्रक्रियेपूर्वी पोव्हिडोन आयोडीन आणि शेवटी डोळ्यात प्रतिजैविकाची सूक्ष्म मात्रा, या दोन उपायांनी हा धोका पुष्कळच घटला आहे. नाकाच्या पोकळ्यांतून खोबणीत शिरणारी काळी बुरशी २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने जवळून पाहिली. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडांचा सढळ वापर यांच्या संयोगाने ती फोफावली, आणि प्राण राखण्यासाठी कित्येकांचे डोळे काढावे लागले.

स्टेरॉइडांचे नाव निघालेच आहे, तर कपाटातल्या त्या बाटलीकडे परत गेले पाहिजे. प्रतिजैविक आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण असलेले थेंब लाली इतक्या तत्परतेने घालवितात की रोगी, त्याचे आप्त आणि दुकानदार तिघेही संतुष्ट होतात. परंतु हर्पिसच्या आणि बुरशीच्या व्रणात हेच थेंब घातले असता दाहाची तक्रार दबते आणि संसर्गाला मोकळे रान मिळते. खाजेपायी मुलांच्या डोळ्यांत ते महिनोन्महिने पडत राहिले तर काचबिंदू व मोतीबिंदू होतात. त्यांच्यावर बंदी घालावी असे म्हणावे, तर परितारिकेच्या दाहात त्यांच्यावाचून डोळा वाचत नाही. कायद्याने हे थेंब डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकण्याची मुभा नाही, आणि कायद्याचा अंमल नाक्यापर्यंत कितपत पोहोचतो हे वाचक जाणतातच. घरच्या कपाटापर्यंत तर तो पोहोचण्याचा प्रश्नच नाही. उघडल्यापासून महिन्याभरात औषध टाकून द्यावे अशी सूचना बहुतेक बाटल्यांवर छापलेली असते, मात्र इतक्या बारीक अक्षरांत की डोळे आलेल्या माणसाला ती वाचता येण्याचा संभव नाही.